त्रेचाळीस हात रंग

ही गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यातली. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि उदगीरला आमच्या गल्लीत आठवड्याला एक टँकर. पण घसा कोरडा असला तरी गावाच्या तोंडी विषय एकच होता, उदगीर आता जिल्हा होणार. जिल्हा झाला की साहेब येणार, साहेबाला खोली लागणार, असं गणित मांडून सिद्धम्माने माडीवरची खोली झाडून ठेवली.

"माझा माहेरचा पलंग ठेवते तिथं," ती शेजारच्या शरणम्माला म्हणाली. "सागवानी हाय. साहेबाला बी कळू दे, जळकोटच्या संगप्पानं लेकीला काय दिलं ते."

हा पलंग गल्लीला तोंडपाठ होता. बारसं असो की बारावा, सिद्धम्मा त्यावर येऊनच थांबे. तिच्या माहेराची सगळी इज्जत त्या चार पायांवर उभी होती. आणि तो सागवानी नाही, हे तिच्या नवऱ्याला, रेवणसिद्धला, लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होतं.

लग्न बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यातलं. पलंग बैलगाडीतून उतरवायला चार माणसं धावली होती. रेवणसिद्धने एक बाजू धरली, तर दुसरी आपोआपच वर आली. संगप्पाचं दुकान कंदिलाच्या काचांचं. काचा ज्या खोक्यांतून येत, त्यांच्याच फळ्या होत्या त्या. त्या दिवाळीला रेवणसिद्धने तपकिरी ऑइलपेंटचा डबा आणला आणि पलंगाला एक हात दिला. मग दर दिवाळीला एक. सांधे, खिळे, गाठी, सगळं बुजलं. त्रेचाळीस दिवाळ्यांनंतर पलंग खरोखरच जड झाला होता.

आता त्यांचा मुलगा बसवंत नांदेडहून सुट्टीवर आला. नोकरी विम्याच्या कचेरीत, हौस सुतारकामाची आणि ज्ञान मोबाइलवरचं. येताना त्याने तांब्याएवढी एक मशीन आणली.

"अप्पा, हिला खाली पॉलिशपेपर चिकटवायचा. चकती गोल बी फिरती अन् डुलती बी. म्हणून लाकडावर ओरखडा उठत न्हाई. पलंगाचा समदा रंग काढतो बघा."

"रंगाला काय झालं?" रेवणसिद्ध दचकला.

"सागवानाला कुणी रंग देतं का?"

"लई धूळ होईल रे," सिद्धम्मा घाईने म्हणाली. "धुवायला पाणी कुठंय?"

"पिशवी हाय मशीनला, अव्वा. धूळ तिच्यातच जाती."

भिंतीपलीकडून शरणम्माचा आवाज आला. "काढू दे की गं! त्रेचाळीस वर्षं ऐकत आले, एकदा बघू तर दे सागवान!"

आता सिद्धम्माला माघार घेता येईना. "बघ की! भ्या हाय का मला?"

त्या संध्याकाळी पॉलिशपेपरचं पाकीट ज्वारीच्या कणगीत गेलं. बसवंतकडे दुसरं निघालं. मग रेवणसिद्धला अमावस्या आठवली. ती होऊन आठ दिवस झाले होते. शेवटी बसवंतने पलंगाची उशाकडची फळी सोडवून अंगणात दोन स्टुलांवर आडवी टाकली. तिला चारी बाजूंनी बोटभर उंच पट्टी होती. त्याने मशीन मधोमध ठेवली, बटण दाबलं, हाताला कळ लागू नये म्हणून ते अडकवून टाकलं, आणि मशीन 'घुर्र' करून दोन सेकंदांत गप्प झाली.

"लाइट गेली काय?"

"गेली की," आतून रेवणसिद्ध म्हणाला. फ्यूज त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. बसवंत मशीन तशीच टाकून पाइप ओढायला पळाला. टँकर यांच्या हौदात रिकामा व्हायचा आणि मोटर लावून गल्लीला पाणी वाटलं जायचं. घागरी घेऊन पंधरावीस बाया अंगणात उभ्या राहिल्या.

"अवो, मोटर लावा की!" सिद्धम्मा ओरडली.

"लाइट न्हाई."

"न्हाई कशी? माझ्या घरात टीव्ही चालू हाय!" शरणम्मा म्हणाली.

वीस घागरींपुढे रेवणसिद्धचा इलाज चालेना. तो आत गेला, फ्यूज बसवला. मोटर सुरू झाली. आणि अंगणात मशीनही.

धरायला कुणी नव्हतं. ती फळीवर डुलत, पट्टीला धडकून परतत, एकटीच रंग खात सुटली. तपकिरी गेला, खालचा तपकिरी गेला, त्याखालचाही गेला. बसवंत पाइप टाकून येईपर्यंत मधोमध पांढुरकं लाकूड उघडं पडलं आणि त्यावर तापल्या लोखंडाने डागलेली अक्षरं दिसू लागली. रेवणसिद्धने दारातून ती पाहिली, पळत आला आणि मशीनसकट फळीवर बसला.

"अप्पा, उठा! धोतर चाललं!"

"चालू दे."

बसवंतने वायर उपटली तेव्हा धोतराला कडेने झिरमिळ्या आल्या होत्या.

"उठा की भाऊजी, सागवान बघू," शरणम्मा वाकून म्हणाली.

"कंबर धरलीय. हालता येईना."

सगळ्या घागरी भरल्या, बाया गेल्या. शरणम्मा मात्र बसली. चहा झाला. पाऊण तासाने तिच्या सुनेने हाक मारली, तेव्हा ती नाइलाजाने उठली.

"उठा आता," सिद्धम्मा म्हणाली.

"अगं, कंबर..."

"उठा म्हणते ना."

तो उठला. फळीवर लिहिलं होतं: काच आहे. जपून उचला.

रेवणसिद्धने मान खाली घातली. सिद्धम्माने पदराने अक्षरांवरची धूळ पुसली.

"मला काय आज कळलं व्हय? गाडीत बसताना बाबांनी रडत सांगितलं होतं. वाटलं, सासरी पोचले की तोंड काळं. तर तुम्ही रंगाचा डबा घेऊन आलात."

"मग त्रेचाळीस वर्षं सागवान सागवान कशाला करीत होतीस?"

"न्हाई केलं असतं, तर तुम्ही रंग देणं सोडलं असतं की!"

बसवंत एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत राहिला. मग त्याने मशीन खोक्यात भरली.

उदगीर अजून जिल्हा व्हायचंय. साहेब आला नाही. माडीवर काचेच्या बांगड्या विकणारा भाडेकरू राहतो आणि त्याची खोकी खाली-वर होतात. बसवंत नांदेडला लोकांचे दरवाजे घासून देतो, पण घासण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारतो. शरणम्माने नातीच्या लग्नात 'सिद्धम्मासारखाच' पलंग करायला सांगितला. सुताराने अस्सल सागवान वापरलं, तर ती म्हणाली, रंग जमला नाही.

रेवणसिद्ध आणखी तीन दिवाळ्या होता. त्याची कंबर मात्र त्या दिवसापासून खरंच धरली. म्हणून तो ब्रश चालवी आणि सिद्धम्मा डबा धरी. आता डबाही तीच धरते आणि ब्रशही. दरवर्षी शरणम्मा भिंतीवरून विचारते, "सागवानाला कशाला गं रंग?"

"सागवान हाय म्हणूनच," सिद्धम्मा म्हणते, "जपावं लागतं."