परत चालू कोण करणार?

मंगेश म्हात्रे कुठलंही बटण बंद करण्याआधी हात मागे घेतात आणि विचारतात, "परत चालू कोण करणार?" उत्तर मिळेपर्यंत बटण दाबत नाहीत. मग ते पंख्याचं असो, गिझरचं असो की सोसायटीच्या पंपाचं. रोह्यात त्यांचा फ्लॅट माझ्या समोरचा आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही. वर्तमानपत्रात असताना ऐकीव लिहायची मुभा नव्हती. ती सवय निवृत्तीनंतरही राहिली आहे.

प्रश्नाचं मूळ त्यांच्या कामात आहे. त्यांच्या कंपनीचे सर्व्हर नव्या मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये आहेत आणि म्हात्रे ते रोह्यातून, बेडरूममधल्या टेबलावरून सांभाळतात. हे कसं जमतं, असं मी एकदा विचारलं.

"काका, प्रत्येक सर्व्हरच्या पोटात आणखी एक छोटा कॉम्प्युटर असतो. कंट्रोलर. मोठा बंद पडला तरी हा जागा. याची वायर वेगळी. मी याला सांगतो, हा मोठ्याला उठवतो. त्याला ताप किती, पंखा फिरतोय का, सगळं मला इथे कळवतो."

"आणि हाच झोपला तर?"

"मग चालत जावं लागतं."

चालत जाणं हा त्यांच्या धंद्यातला सर्वांत मोठा कमीपणा. एखादा नवशिका ज्या वायरीने आत शिरलेला असतो, तीच चुकून बंद करतो. बंद करायचा हुकूम पोचतो, चालू करायचा पोचत नाही. मग कोणीतरी गाडी पकडायची, गेटवर ओळखपत्र दाखवायचं, एक बटण बोटाने दाबायचं आणि परत यायचं. म्हणून म्हात्रे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावतात की प्रत्येक गोष्टीला दुसरी वायर ठेवा.

स्वतः ते हा नियम काटेकोर पाळतात. घरात दोन कंपन्यांचं इंटरनेट आहे. बाजारात जाताना पिशवीत दुसरी पिशवी असते. दाराची दुसरी किल्ली माझ्याकडे आणि तिसरी, मी गावाला गेलो तर पंचाईत नको म्हणून, वॉचमनकडे. त्यांच्या पत्नी वृषाली म्हणतात, "बघायला आले तेव्हा माझ्या बहिणीचीही चौकशी करत होते. ते का, हे मला लग्नानंतर कळलं."

सोसायटीत पार्किंगवरून दोन सभासदांचं जुंपलं होतं. एक ओरडला, "आजपासून तुझं माझं बोलणं बंद!" म्हात्रे मध्ये जाऊन उभे राहिले. "हरकत नाही. फक्त परत चालू कोण करणार, ते आत्ताच ठरवा."

"मी कशाला? त्याने करावं."

"मी? का म्हणून?"

यावर दोघं चहाची वेळ होईपर्यंत भांडले. बोलणं बंद करायचं राहूनच गेलं.

म्हात्र्यांचे वडील, आबा, पेणच्या पुढच्या जिते गावात एकटे राहतात. आयुष्य खाडीकाठच्या मिठागरात गेलं. आई गेल्यापासून म्हात्रे त्यांना रोह्याला बोलावत आहेत आणि आबा नाही म्हणत आहेत. "तुमच्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते," एवढंच कारण देतात. बापलेकांचा फोन मी गॅलरीतून बऱ्याचदा ऐकला आहे. म्हात्रे स्पीकरवर बोलतात.

"आबा, जेवलात?"

"व्हय."

"तब्येत?"

"हाय."

"आणखी काय?"

"काय नाय. ठेवू?"

एवढ्याशा बातमीवर म्हात्र्यांचं भागेना. एकटा म्हातारा माणूस, कधी पडला तर कळणार कसं, ही त्यांची काळजी होती. त्यांनी कॅमेरा सुचवला. आबा म्हणाले, "मी काय चोर हाय?" मग म्हात्र्यांनी वेगळा मार्ग काढला. जित्याच्या घरात इंटरनेटचा डबा बसवला आणि दिवा, पंप, टीव्ही यांना फोनवरून चालणारी बटणं लावली. स्वयंपाकघरातला दिवा लागला की रोह्यात म्हात्र्यांना कळतं, आबांचा चहा झाला. पंप चालला की आंघोळ. टीव्ही बंद झाला की झोपले. सकाळी जिन्यात भेटले तर ते मला नमस्काराऐवजी "आबा उठले" असं सांगायचे.

आणि मग ते घडलं. एका शनिवारी जित्याचं इंटरनेट मंद चालत होतं. म्हात्र्यांनी डबा एकदा बंद करून चालू करायचं ठरवलं आणि रोह्यात बसून फोनवरचं बटण दाबलं. डबा बंद झाला. डबा बंद म्हणजे रस्ता बंद. दुसरी वायर नव्हती. फोन हातात धरून ते माझ्या दारात उभे राहिले.

"काका, मी बंद केलं."

पुढचा प्रश्न त्यांचा होता. तो मी विचारला नाही.

त्यांनी आबांना फोन लावला. "आबा, डब्याच्या बाजूचं बटण आहे ना, तेवढं दाबा."

"मी नाय हात लावत त्याला. काय झालं बिघडलं तर? तुझं तू ये."

म्हात्रे गेले. चालत नव्हे, गाडीने. पण त्यांच्या हिशेबी चालतच. बटण दाबलं, जेवले, संध्याकाळी परत आले.

तेव्हापासून जित्याची लाईट भरवशाची राहिली नाही. ती शनिवारी जाते. म्हात्र्यांच्या फोनवर सगळं घर काळं होतं, ते आबांना विचारतात, आबा म्हणतात, "लाईट गेली," आणि म्हात्रे स्टेशनवर जातात.

अशा एका शनिवारी मी सोबत निघालो. मला काम नव्हतं आणि चौकसपणा गेला नव्हता. निडी, नागोठणे, पेण करत गाडी जित्याला पोचली. आबा ओटीवर बसले होते.

"लाईट सकालपासनं नाय," ते म्हणाले. "बसा वो, आत बसा, पंख्याखाली."

पंखा जोरात फिरत होता. मी वर पाहिलं. म्हात्र्यांनी पाहिलं नाही. ते सरळ कोपऱ्यात गेले. डब्याचं भिंतीवरचं बटण खाली केलेलं होतं. त्यांनी ते वर केलं, हिरवा दिवा लागला.

"आली लाईट, आबा."

"आली? बरं झालं."

एवढ्यात शेजारच्या शेवंताबाई तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आल्या. "आलास मंगेश? आबांनी जिताडा कालच सांगून ठेवलेला. मंगेश येनार, मंगेश येनार, कालपासनं चाललंय."

"तुला कोनी विचारलं गो?" आबा म्हणाले.

जिताडा मासा काल सांगितला आणि लाईट आज सकाळी गेली. घटनांचा क्रम लावणं हा माझा जुना व्यवसाय. मी तो लावला आणि ताटावर बसलो. जेवताना आबांनी न विचारता म्हात्र्यांच्या ताटात दुसरा तुकडा वाढला, मग डोक्याचा भागही. म्हात्र्यांनी दोन्ही संपवले.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "म्हात्रे, तुमच्या पिशवीतसुद्धा दुसरी पिशवी असते. मग आबांच्या घरी दुसरी वायर का नाही?"

त्यांनी बॅग उघडली. आत एक छोटं खोकं होतं, सिमकार्डावर चालणारा दुसरा डबा. भिंतीवरचं बटण बंद असलं तरी हा आतल्या बॅटरीवर जागा राहतो. खोक्याच्या कडा झिजल्या होत्या. सील शाबूत होतं.

"दर वेळी आणतो," ते म्हणाले. "बसवायचं राहून जातं."

गेल्या शनिवारी ते जिन्यात भेटले. "जित्याची लाईट गेली," त्यांनी सांगितलं. चेहरा अर्ध्या दिवसात शाळा सुटलेल्या मुलासारखा होता आणि बॅग खांद्यावर होती.