थोरलीच्या तेलाचं टार्गेट

दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी कारखान्यात परतलो तो थेट तज्ज्ञ होऊनच! हायड्रॉलिक मशीनमधलं तेल किती स्वच्छ असावं हे ठरवणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी गेटवरच्या रखवालदारालाही सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं.

संधीही लगेच चालून आली. आमच्याकडे बादल्यांचे तळ दाबून काढणारी एक जुनी प्रेस आहे. तेलाच्या दाबावर चालते. सगळे तिला 'थोरली' म्हणतात. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "थोरलीच्या तेलाचं टार्गेट ठरवा आणि महिनाअखेरपर्यंत तेल त्यात आणून दाखवा. नाही जमलं तर तिला भंगारात काढू आणि मामांना पॅकिंगला पाठवू."

मामा म्हणजे थोरलीचे ऑपरेटर. बावीस वर्षं तिच्यावर काढलेली. तो माणूस खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसणार? मी छाती ठोकून म्हणालो, "मामा, घाबरू नका! थोरलीला कोणीही हात लावणार नाही!"

"तुम्हीपण नाही ना, साहेब?" मामांनी विचारलं.

आता थोडं ज्ञान. एक मिलिलिटर तेलात कचऱ्याचे बारीक कण किती, हे तीन आकड्यांत सांगतात. तिन्ही सांगून तुमचं डोकं उठवत नाही, पहिलाच धरू. आकडा एकानं वाढला की कण दुप्पट! प्रशिक्षणात विमानाच्या नाजूक व्हॉल्व्हसाठी पंधरा सांगितला होता. मग आमच्या थोरलीनं काय घोडं मारलंय? मी तिच्या अंगावर पिवळ्या रंगात हातभर उंचीचा '१५' रंगवून घेतला.

मामांनी आकडा खालपासून वरपर्यंत पाहिला. "साहेब, ही उडणार आहे का?"

मी तेलाचा नमुना तपासायला पाठवला. रिपोर्ट आला एकोणीस. चार पायऱ्या वर, म्हणजे सोळा पट घाण!

"मामा, हे तेल आहे की गटाराचं पाणी?"

"पण मशीन झकास चाललीय की!"

"ती तुमची माया बोलतेय!" असं म्हणून मी टाकी रिकामी करायला लावली आणि नव्या तेलाचं सीलबंद पिंप फोडलं.

"गाळून घालूया का?" मामा हळूच म्हणाले.

"मामा! नवं कोरं तेल कोणी गाळतं का?"

पुढचा रिपोर्ट आला. बावीस! म्हणजे गटाराच्या पाण्यापेक्षाही आठ पट घाण!

मी तडक लॅबला फोन लावला. "तुमच्याकडे बाटल्यांची अदलाबदल झालीय!"

"सर, बाटलीवर तुमचीच सही आहे," पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या.

सही माझी, तेल नवं, मग दोष कोणाचा? बाटलीचा! मी एक बाटली घरी आणली, उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली आणि कपाटातला नवा टॉवेल काढून आतून घासून घासून पुसली. त्या बाटलीतून गेलेल्या नमुन्याचा आकडा आला चोवीस!

त्या संध्याकाळी मी तोंड पाडून घरी गेलो. माझी बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रक्त घेते. मी चोवीसची रड सांगितली तशी तिनं आधी दोरीवरचा टॉवेल पाहिला, मग मला.

"बाटली आतून पुसलीस?"

"एकदम चकचकीत!"

ती भिंतीला धरून हसली. "अरे, टॉवेलचे धागे मोजून घेतलेस तू! लॅबची बंद बाटलीच वापरायची. पहिली धार सोडून द्यायची, मग भरायची. आणि नॉर्मल किती असायला हवं?"

"पंधरा."

"कोणी सांगितलं?"

"मी ठरवलं."

"आमच्याकडे तान्ह्या बाळाचं नॉर्मल वेगळं असतं, आजोबांचं वेगळं. थोरलीचं तिच्या पुस्तकात बघितलंस?"

मी ताट पुढे ओढलं.

महिनाअखेरीला पाच दिवस उरले होते. सकाळी मामांनी त्यांच्या कपाटातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं थोरलीचं पुस्तक काढलं. तिच्यातला सगळ्यात नाजूक भाग कोणता आणि त्याला किती कचरा चालतो, ते बनवणाऱ्यानं तिसऱ्याच पानावर छापलं होतं. एकोणीस!

मी स्टुलावर बसलो. मामांनी फक्त पाणी आणून दिलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

"मामा, गाळूया," मी म्हणालो. नवं तेल आमच्यापर्यंत पोचताना इतक्या टाक्या, पाइप आणि पिंपं बघतं की वाटेत भरपूर कचरा गोळा करतं, आणि सील लावलं की ती घाणही सीलबंद राहते! हे प्रशिक्षणात सांगितलं होतं म्हणे. त्या वेळी मी चहाला गेलो होतो.

सलग तीन दिवस आम्ही दोघांनी ते तेल बारीक फिल्टरमधून फिरवलं. मग बायकोच्या पद्धतीनं, पहिली धार सोडून, बंद बाटलीत नमुना घेतला. रिपोर्टचं पाकीट मी उभ्या उभ्याच फोडलं. एकोणीस! मी मामांना मिठीच मारली. त्यांचे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला बोलू, माझेही.

मोठ्या साहेबांनी चारही रिपोर्ट टेबलावर ओळीनं मांडले. "एकोणीस, बावीस, चोवीस, एकोणीस." त्यांनी पुस्तकाचं तिसरं पानही वाचलं. "म्हणजे मशीन पहिल्यापासून ठीक होती?"

"हो, साहेब," मी कसाबसा म्हणालो.

"मग थोरली राहील. मामाही तिच्यावरच राहतील. पण मला एक सांगा, बिघडलं काय होतं?"

मामा माझ्या शेजारीच उभे होते. आता मामा सगळं सांगणार आणि पॅकिंगला मी जाणार! पण मामा मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घसा खाकरला.

"टार्गेट, साहेब. आता दुरुस्त झालंय."