शेवभाजीचं पान

प्रेमराजने बनवलेलं पुस्तक वाचायचं यंत्र गेली चार वर्षं ‘येत्या दिवाळीत’ बाजारात येत होतं. पुण्याची नोकरी सोडून अमळनेरच्या घरात त्याने ‘वाचनी’चा नमुना घडवला होता. नमुना एकच होता. त्याला बटणही एकच होतं, पान उलटायचं.

“या रविवारी धुळ्यात जमलं तर ठीक,” त्याची बायको दिपमाला म्हणाली, “नाहीतर सोमवारी नोकरीसाठी पुण्याला फोन करायचा. कबूल?”

“कबूल.”

अक्षरं नीट उमटतात का हे तपासायला तिने वाचनीत स्वतःच्या पाककृती भरल्या होत्या. रविवारी सकाळी ती शेवभाजीचं पान उघडं ठेवून रस्सा करत होती. घाईत प्रेमराजने यंत्र तसंच उचललं आणि धुळ्याची बस पकडली.

बसमध्ये शेजारच्या प्रवाशाने सहज विचारलं, “हे काय आहे भाऊ?” चार वर्षांत आपणहून कोणी विचारलं नव्हतं. प्रेमराजने बटण जरा अभिमानानेच दाबलं. ते टक्कन निघालं आणि खिडकीतून बाहेर गेलं.

धुळ्यात अभयकुमारांचं पुस्तकांचं दुकान होतं. वाचनीसाठी त्यांनी दर्शनी कपाट रिकामं केलं होतं, उद्घाटनाची निमंत्रणं वाटली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत प्रेमराजने बटणाच्या भोकात टाचणी घालून पाहिली. बारीकसा धूर निघाला.

“बॅटरी गेली, शेठ. कार्यक्रम रद्द करू.”

अभयकुमारांनी यंत्र हातात घेतलं. “अक्षरं तर दिसताहेत!”

“ही शाई तशीच राहते. वीज फक्त पान बदलायला लागते.”

“मग बदलू नका! साठ माणसं बसलीत बाहेर.”

प्रमुख पाहुणे होते निवृत्त प्राचार्य जीवराम सर. ज्ञानाच्या महासागरावर वीस मिनिटं बोलून त्यांनी चष्मा चढवला आणि वाचनीतलं नजरेला पडलेलं वाक्य धीरगंभीर आवाजात वाचलं.

“तेल तापलं की कांदा घालावा.”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. सर थांबले नाहीत. आयुष्यभर समोर आलेला कागद त्यांनी शेवटपर्यंत वाचला होता. “काळा मसाला बेताने घालावा. रश्श्याला तवंग येऊ द्यावा.”

“खोबरं भाजानं राही गयं!” मागच्या रांगेतून ताईबाई नावाच्या एक बाई ओरडल्या. “सर, वरथीन वाचा!”

सरांनी वरून वाचलं. बायकांनी पर्समधून पेनं काढली. एकीने निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर उतरवून घेतलं. सरांनी सवयीने बोटाला थुंकी लावून पान उलटायला पाहिलं, मग अंगठा लावला, मग यंत्र हलवलं.

“पान उलटत नाही.”

“सर, आधी एवढं पचू द्या!” अभयकुमार म्हणाले. टाळ्या पडल्या.

प्रेमराजला मात्र सहन होईना. तो उठला आणि माईकवर सगळं खरं सांगून मोकळा झाला. बटण बसमधून पडलं, बॅटरी जळली, यंत्र मेलंय. अभयकुमारांनी कपाळाला हात लावला. लोक नाश्त्याकडे वळले.

नाश्ता झुलालभाऊंनी आणला होता. महामार्गावर त्यांचं हॉटेल होतं. ते एकटे यंत्रापाशी उभे राहिले.

“म्हंजे मरी गयं तरी अक्षर जात नही?”

“नाही भाऊ.”

“उन्हमा?”

“उन्हात तर जास्त चांगलं दिसतं.”

“रस्सा सांडना तं?”

“फडक्याने पुसा.”

झुलालभाऊंनी पुन्हा एकदा शेवभाजीचं पान मन लावून वाचलं. “माले चाळीस पाहिजेत. दर टेबलवर एक. आज काय बनेल शे ते सकायले लिखी टाकसूत, दिवसभर मिटाव नही.”

प्रेमराजला आधी ऐकू आलं ते खरं वाटेना. चाळीस! पुढच्या महिन्यात देतो, असं तो ठामपणे बोलून गेला, आणि उत्साहाच्या भरात म्हणाला, “भाऊ, प्रत्येकात मी शंभर पुस्तकंही टाकून देतो. माझ्याकडून भेट!”

झुलालभाऊंनी घाईघाईने त्याचा हात धरला.

“ते नको करू, बाप्पा! गिऱ्हाईक वाचत बसनं तं टेबल कव्हय खाली व्हई?”