गॅलरीतला स्वीडनवाला

नंदाने घेतलेला निर्णय अगदी छोटा होता. गॅलरीत कबुतरं येतात, तर चार जुन्या सीड्या दोऱ्याने टांगायच्या. घोडबंदर रोडवरच्या निम्म्या गॅलऱ्यांत हाच इलाज चालतो. सीडी वाऱ्याने गरगरते, उन्हात चमकते आणि कबुतर बिचकतं. (असं म्हणतात. कबुतरांना कोणी विचारलेलं नाही.) तिने टीव्हीखालचा खण उपसला आणि सान्वीच्या बालगीतांची, कॉम्प्युटर क्लासची, कुठल्याशा अँटिव्हायरसची आणि एका काळ्या डबीतली अशा चार सीड्या काढल्या. त्या टांगल्या, हात झटकले आणि ती पोळ्या लाटायला गेली.

ही गोष्ट मार्चमधली. घरात तिचा भडका उडाला सप्टेंबरात, एका गुरुवारी संध्याकाळी.

भडकले ते नंदाचे यजमान, उत्तमराव चेंदवणकर. वय एक्कावन्न, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत परचेस खात्यात. वरून पाहिलं तर चारचौघांसारखा माणूस, पण आत एक स्वीडिश गिटारिस्ट बसलेला. त्याचं नाव स्टेलान हालग्रेन. चाळीस वर्षांपूर्वी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने पहिला अल्बम काढला. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे युरोपातले उस्ताद व्हायोलिनवर जे वाजवत ते त्याने इलेक्ट्रिक गिटारवर, चौपट वेगाने, कानठळ्या बसतील इतक्या आवाजात वाजवलं. पुढे प्रत्येक अल्बमला त्याचं गायकाशी भांडण झालं आणि प्रत्येक अल्बमला नवा गायक आला. मग बर्फावर घसरून त्याने मनगट मोडून घेतलं, वर्षभर बोटं हलेनात, तरी तो परत उभा राहिला. हा सगळा इतिहास उत्तमरावांना तोंडपाठ होता. नंदाचा वाढदिवस बाराला की तेराला, एवढंच काय ते त्यांना मोबाईलमध्ये बघावं लागे.

त्या पहिल्या अल्बमची काळी सीडी, आणि सीडीवर खुद्द स्टेलानची चंदेरी शाईतली सही, ही उत्तमरावांच्या आयुष्याची कमाई होती. त्यांच्या जुन्या साहेबांनी ट्रेनिंगला स्टॉकहोमला गेले असताना दुकानाबाहेर रांगेत उभं राहून ती आणली होती. उत्तमरावांचं लग्न तेव्हा नुकतंच झालं होतं आणि बिऱ्हाड डोंबिवलीला मानपाडा रोडवर, दीड खोलीत होतं. तेव्हापासून त्यांनी ती सीडी एकदाही वाजवली नाही. अशा वस्तू वाजवायच्या नसतात, जपायच्या असतात, असं ते म्हणत. गाणी ते फोनवर ऐकत. डबीसुद्धा उघडत नसत, कारण उघडली की हवा लागते. दिवाळीच्या साफसफाईत डबी फडक्याने पुसायची, कपाळाला लावायची आणि परत ठेवायची, एवढीच पूजा.

त्या गुरुवारी मात्र डबी उघडावी लागली. अल्बमला चाळीस वर्षं झाली म्हणून चाहत्यांच्या ग्रुपने रविवारी ठाण्यात एक हॉल घेऊन प्रदर्शन ठरवलं होतं. ग्रुपचे प्रमुख साईनाथ, कल्याणचे, यांनी उत्तमरावांच्या सहीच्या सीडीला मधलं काचेचं कपाट दिलं होतं. खाली पाटी लागणार होती, 'संग्राहक: श्री. उत्तम चेंदवणकर'. एक्कावन्न वर्षांत उत्तमरावांच्या नावाची पाटी फक्त फ्लॅटच्या दारावर लागली होती, तीही नंदाच्या नावाखाली. त्यामुळे ते आठवडाभर हवेत होते. आता त्यांनी हात धुतले, स्वच्छ रुमाल घेतला, डबी उघडली. आत काहीच नव्हतं.

"नंदा! डबी रिकामी आहे!"

"कसली डबी?"

"स्टेलानची!"

"ती काळी होय? त्यातली गॅलरीत लावली ना मी. मार्चमध्येच." नंदा भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"गॅलरीत? म्हणजे कबुतरांना?"

"मग काय पाहुण्यांना?"

उत्तमराव खुर्चीत बसले, लगेच उठले. "तुला कळतंय का तू काय टांगलंस? अगं, माणूस जिवंतपणी दंतकथा झालाय! त्याची सही होती त्यावर!"

"अहो, काहीतरीच. कोरी होती ती. एक अक्षर नव्हतं. असतं तर मी विचारलं नसतं?"

"कोरी? चंदेरी शाईत, एवढी मोठी सही!"

"मी सांगते ना, कोरी होती."

"बाबा, चिल," सान्वी आतून म्हणाली. ती कॉलेजात जाते आणि तिच्याकडे सगळ्या दुखण्यांवर हेच औषध आहे. "सगळी गाणी फोनवर आहेत तुझ्या. लोचा काय आहे?"

लोचा काय आहे! या घरात आपण तेवीस वर्षं कोणाबरोबर राहतोय, असा प्रश्न उत्तमरावांना पडला. ते तरातरा गॅलरीत गेले. तीन सीड्या संथपणे गरगरत होत्या. चौथा दोरा नुसताच लोंबत होता. (गेले सहा महिने दर रविवारी ते याच दोऱ्यांखाली बसून चहा घेत होते, पण तो मुद्दा त्यांनी कोणापुढे काढला नाही.)

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती आपत्ती' असं लिहिलं. खालची बाग पाहिली, पार्किंगचे पत्रे पाहिले, वॉचमनची उलटतपासणी घेतली. शेवटी मान वाकडी करकरून वर पाहताना त्यांना बाराव्या मजल्यावर काहीतरी लखलखताना दिसलं. आपण राहतो चौदाव्यावर, म्हणजे वाऱ्याने सुटून सीडी तिथे पडली असणार. लिफ्ट येईपर्यंतही त्यांना दम निघेना.

बाराव्यावर सुमतीबाई लेले राहत. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या.

"हो, माझ्याच गॅलरीत पडली होती," त्या म्हणाल्या. "जून महिन्यात. मी नवा दोरा लावून टांगली. मात्र ती परत मिळणार नाही."

"अहो, पण माझी आहे ती!"

"असेल. पण ती लावल्यापासून माझ्या गॅलरीत एकही कबूतर फिरकलेलं नाही. त्याआधी मी सहा सीड्या लावून पाहिल्या. त्यांच्यावर कबुतरं झोके घेत होती."

"काकू, तो जगातला एक थोर कलावंत आहे!"

"ते मान्य. गुण दिसतोच आहे."

उत्तमरावांनी त्यांना स्टेलानचं चरित्र सांगितलं. भांडणं सांगितली, मोडलेलं मनगट सांगितलं. सुमतीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्यांचं कोणाशीच पटत नाही. कबुतरांशी तरी कसं पटेल?" शेवटी तह झाला. उत्तमरावांनी स्वखर्चाने त्यांच्या गॅलरीला जाळी बसवून द्यायची, तीही आजच्या आज. जाळीवाल्याचा शेवटचा खिळा ठोकून झाल्यावरच सुमतीबाईंनी दोरा कापला.

सीडी हातात आली आणि उत्तमरावांनी ती दोनदा उलटून पाहिली. तिच्यावर चरे होते, कबुतरांनी पूर्वी केव्हातरी नोंदवलेलं मत होतं, पण सही नव्हती. सहीच काय, काळा रंगही नव्हता, अल्बमचं नावही नव्हतं. दोन्ही बाजूंनी लख्ख.

"उन्हाने उडाली," ते घरी येऊन म्हणाले. "सही उडाली, रंग उडाला, नाव उडालं. ज्याला अख्ख्या युरोपात कोणी हरवलं नाही, त्याला तू माझ्या गॅलरीत पुसून टाकलंस."

"अहो, ती पहिल्यापासून..."

"एक शब्द बोलू नकोस!"

नंदा खरोखरच बोलली नाही. त्या रात्री नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. उत्तमरावांना वाटलं, पश्चात्ताप झाला. पुरुषांना हे फार लवकर वाटतं.

शनिवारी दुपारी साईनाथ आले. कल्याणहून निघाले होते अकराला, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून पोचले तीनला. बरोबर त्यांनी एक छोटा प्लेअर आणला होता, सीडी-व्हीसीडी काय वाटेल ते चालवणारा, टीव्हीला जोडायच्या वायरसकट. नंदाने चहा-पोहे आणून ठेवले आणि ती दाराशी उभी राहिली. उत्तमरावांनी मखमली कापडातून सीडी काढली. मयताच्या अस्थी ठेवाव्यात तशी समोर ठेवली.

"सही गेली, साईनाथ," ते म्हणाले. "घरातूनच घात झाला. कबुतरांपुढे टांगली हो. या बाईंनी." आणि त्यांनी बोट दाखवलं. परक्या माणसासमोर, पोह्यांची बशी तिच्याच हातची समोर असताना, बोट दाखवलं.

साईनाथ सीडी उलटीपालटी करत राहिले. "शाई उडेल हो, उन्हाने. पण छापील रंग असा साफ? एक काम करू, लावून तरी बघू. आवाज शाबूत असेल तर पाटीवर तसं लिहू."

सीडी आत गेली. उत्तमरावांनी डोळे मिटले. आता ती पहिली गिटार कडाडणार होती.

सनई वाजली.

उत्तमरावांनी डोळे उघडले. टीव्हीवर एक धबधबा कोसळत होता. धबधब्यातून एक बदाम उमलला, बदामात दोन गुलाब आणि गुलाबांच्या मधे सोनेरी अक्षरं: 'चि. उत्तम व चि. सौ. कां. नंदा'. मग डोंबिवलीतला हॉल दिसला. मुंडावळ्या बांधलेले, बारीक अंगाचे उत्तमराव दिसले. शेजारी हिरव्या शालूतली नंदा, तेवीस वर्षांनी लहान, इतकी हसत होती की साईनाथांनी बशी खाली ठेवली.

"अय्यो, मम्मी! किती क्यूट!" सान्वी धावत बाहेर आली.

घास भरवायची वेळ झाली. नंदाने जिलबीचा तुकडा पुढे केला, उत्तमरावांनी आ वासला आणि तिथेच सीडी अडकली. चरा नेमका तिथे होता. टीव्हीवरचे उत्तमराव तोंड उघडं टाकून बसले होते. सोफ्यावरचेही.

नंदा आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती परतली तेव्हा तिच्या हातात लाल रंगाची, वर गणपती छापलेली डबी होती. शालूच्या घडीत ठेवलेली, लग्नाच्या सीडीची. तिने ती सगळ्यांदेखत उघडली. आत काळी कुळकुळीत सीडी होती आणि तिच्यावर चंदेरी शाईतली सही, आजच केल्यासारखी.

"सापडली!" उत्तमराव सोफ्यावरून उडालेच. "साईनाथ, सापडली! सही बघा! शाबूत!"

त्यांनी नाचायला घेतलं आणि दुसऱ्या उडीला त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच नाचतोय.

"आठवतंय का?" नंदा म्हणाली. आवाज अगदी खालचा होता. "मानपाड्याच्या घरी माझे आई-आप्पा कणकवलीहून लग्नाची सीडी बघायला आलेले. सीडी बघून झाल्यावर ते चहा घेत होते, तोवर तुम्ही घाईघाईने दोन्ही सीड्या डब्यांत भरलेल्या. तुम्हाला दाखवायला बाहेर काढलेला तुमचा स्वीडनवाला लपवायचा होता, आप्पांचा हात लागू नये म्हणून."

उत्तमरावांना आठवलं. नको इतकं स्वच्छ आठवलं.

"दर लग्नाच्या वाढदिवसाला मी म्हणत होते, लावू या का आपली सीडी? तुम्ही म्हणायचात, प्लेअर बिघडलाय. एकटीने काय बघायचं, म्हणून मीही डबी उघडली नाही. तेवीस वर्षांत एकदा, फक्त एकदा लावली असतीत ना, तर तुमचा स्वीडनवाला तेव्हाच सापडला असता. मी कबुतरांपुढे टांगलं ते माझंच लग्न! आणि हो, कोरी होती. मी तीनदा सांगितलं."

साईनाथांनी पोहे संपवले आणि हळूच विचारलं, "मग, वहिनी, प्रदर्शनाचं कसं?"

"न्या की. पण पाटी मी सांगते तशी."

रविवारी प्रदर्शन दणक्यात झालं. मधल्या काचेच्या कपाटासमोर सर्वात जास्त गर्दी होती. पाटीवर लिहिलं होतं, 'संग्राहक: सौ. नंदा चेंदवणकर. लग्नाच्या शालूत तेवीस वर्षं जपलेली.' बायका पाटीचे फोटो काढत होत्या. कोणीतरी उत्तमरावांना विचारलं, "तुम्ही वहिनींबरोबर आलात का?" ते हो म्हणाले.

लग्नाची सीडी साईनाथांनी कल्याणला नेऊन घासूनपुसून दिली. आता ती चालते, आणि दर रविवारी संध्याकाळी चालते. उत्तमरावांना समोर बसावं लागतं. घास भरवण्याच्या जागी ती अजून थोडी अडखळते.

उरला प्रश्न कबुतरांचा. सुमतीबाईंना जाळी मिळाल्यामुळे बाराव्या मजल्यावरची आसपास भटकणारी मंडळीही थेट चौदाव्यावर येऊ लागली. आपणही जाळी बसवू या, असं उत्तमराव म्हणाले. नंदा म्हणाली, "माझ्या तुळशीला मोकळी हवा लागते. आणि सीडी तर आता एकही टांगायची नाही. कोणाची काय असेल, सांगता येत नाही. तुम्ही उभे राहा."

म्हणून रोज सकाळी सहा ते सात उत्तमराव ताट आणि चमचा घेऊन गॅलरीत उभे असतात. पहिले दोन दिवस कबुतरं दचकून उडाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी थोडा विचार केला. आता ती कठड्यावर त्यांच्या शेजारीच बसतात, आणि ताट वाजवायचं थांबलं की मान वळवून बघतात.