साहेब रिकामा आहे

"सर, डेमो उद्या ठेवूया का?" राजरत्नने तिसऱ्यांदा विचारलं.

"अरे, कादंबरी मॅडम खाली गेटवर आल्यात! उद्या काय, तुझं लग्न आहे?" जयेश सरांनी टकलावरचा घाम पुसला. "आज हे चाललं नाही ना राज, तर परमनंट व्हायचं विसर. बॅग उचल, दिव्याची लोकल पकड आणि घरी बस."

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या ऑफिसात लिफ्टचे प्रोग्रॅम लिहिले जायचे. डोंबिवलीतल्या एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच मेली होती, आणि आत होत्या रंगूबाई, पापलेटांच्या पाटीसकट. रंगूबाई बाहेर निघाल्या, वास अजून निघाला नव्हता. लिफ्ट कंपनीची इंजिनिअर कादंबरी भडकली होती. प्रोग्रॅम नेमका कुठल्या ओळीवर मरतो ते दाखवा, नाहीतर काम दुसऱ्याला.

दाखवता येत होतं. सी भाषेतला प्रोग्रॅम बनवताना त्याच्या पोटात डीबगची, म्हणजे चुका शोधायची माहिती ठेवता येते: कुठली ओळ, कुठलं व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायचा कुठला डबा, सगळं. ती वाचायला सीची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच मिळतो. तिची फंक्शनं वापरून फाइल उघडायची, एकेका नोंदीला नाव विचारायचं, ओळ विचारायची. राजरत्नने तसं टूल लिहिलं आणि ते मस्त चाललं. तीच तर बोंब होती. लायब्ररीला लाज नसते, ठेवलेलं नाव ती जसंच्या तसं सांगते.

राजरत्नचं काम क्लायंटला 'मी केलं' म्हणून दाखवायची जयेश सरांना खोडच होती. राजरत्न तोंडाने बोलत नसे, कोडमध्ये बोलत असे. मजल्याचा नंबर ठेवायच्या व्हेरिएबलला त्याने नाव दिलं होतं takla, टकला. आत बहुतेक वेळा काहीच नसायचं म्हणून.

आता नाव बदलून फायदा नव्हता. मेलेला प्रोग्रॅम लिफ्टमधला, जुनाच. डीबगची माहिती खरवडून टाकावी, तर टूल नुसते आकडे ओकणार. कादंबरी दरवाजा उघडत होती तेवढ्यात त्याने टूलमध्ये एक ओळ घुसडली: takla आलं की saheb छाप.

कादंबरी बसली. राजरत्नने बटण दाबलं. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर उमटलं: ओळ ८७. saheb रिकामा आहे.



"लिफ्टमध्ये साहेब कशाला?" कादंबरीने विचारलं.

"राज," जयेश सर दात न उघडता म्हणाले, "हे काय आहे?"

"सर, ते... टूलमध्ये नाव बदललेलं मी. मूळ वेगळंय."

"मग मूळ दाखव ना!"

 राजरत्नने ती ओळ खोडली, डोळे मिटले, बटण दाबलं.

"टाकला," कादंबरीने वाचलं. "मजल्याचा नंबर टाकला की नाही, ते. अहो, चांगलं मराठी नाव होतं की! बदललं कशाला?"

राजरत्नने डोळे उघडले. इंग्रजी अक्षरांत टाकला आणि टकला सारखेच दिसतात, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"हो, टाकलाच!" जयेश सर फुलले. "आमच्याकडे नावं मीच ठेवायला सांगतो."

"आणि चूक पण सापडली. नंबर टाकायच्या आधीच वाचताय तुम्ही. हा मुलगा सोडू नका हं, जयेश सर." कादंबरीने स्वतःच माऊस घेतला आणि टीव्हीवरची नावांची यादी खाली सरकवली. "हे काय? taklyacha_kangva. कधीच वापरलेला नाही. कंगवा कशाला लागतो हो लिफ्टला?"

जयेश सरांचा हात सावकाश डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"जुना पार्ट आहे, मॅडम," ते म्हणाले. "काढतोय."

कादंबरी गेली. दार लागलं. राजरत्नने बॅग उचलली.

"ठेव ती खाली. किती इमारतींत बसवलाय हा प्रोग्रॅम?"

"सर... जवळजवळ अख्ख्या डोंबिवलीत."

"म्हणजे माझं टक्कल अख्ख्या डोंबिवलीत वर-खाली करतंय!" जयेश सर खुर्चीत कोसळले. "ते शेवटच्या लिफ्टमधून उतरेपर्यंत तू कुठं जात नाहीस. समजलं, गाढवा? परमनंट!"