सगळेच पॉझिटिव्ह

रुग्णालयाचे व्यवस्थापक सकारात्मक विचारांच्या शिबिराहून परतले ते एक हुकूम घेऊनच: आजपासून या इमारतीत 'निगेटिव्ह' हा शब्द कोणी बोलायचा नाही, लिहायचा नाही. कर्मचारी त्यांना हसरेसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, "मग तपासणीत आजार सापडला नाही, तर काय लिहू?"

"सापडला नाही, आढळला नाही, ही रडगाणी बंद! पॉझिटिव्ह लिहा."

"आणि सापडला तर?"

साहेबांनी दोन्ही अंगठे वर केले. "व्हेरी पॉझिटिव्ह."

अहवाल सुटू लागले. व्हेरी पॉझिटिव्हवाले छाती काढून घरी गेले. नुसते पॉझिटिव्ह निघालेले मात्र खिडकीशी भांडू लागले, "आमच्यात काय कमी आहे हो?" तक्रारी वाढल्या, तेव्हा साहेबांनी भेदभाव मुळासकट उपटला. सर्वांना सरसकट पॉझिटिव्ह!

अशातच साहेबांना खोकला लागला. घरी लेक बाळंतपणाला आलेली, नात नुकतीच जन्मलेली. डॉक्टरांनी बजावलं, "क्षयाची तपासणी करून घ्या. तोवर बाळाजवळ फिरकायचं नाही." साहेब दारातूनच नातीकडे टकमक बघत बसायचे.

अहवाल आला. पॉझिटिव्ह.

"आला एकदाचा!" म्हणत साहेब बाळाकडे धावले. लेकीने दार लावून घेतलं. "बाबा, पॉझिटिव्ह म्हणजे कसलं?"

साहेब तसेच प्रयोगशाळेत धडकले. "बाई, मला आजार आहे की नाही?"

"साहेब, 'नाही' बोलायला बंदी आहे."

"मग नुसती मान हलवा!"

"उभी हलवू शकते. आडवी हलवली तर माझी नोकरी जाईल."

साहेबांचा धीर सुटला. ते ओरडले, "अहो, मला निगेटिव्ह हवंय! निगेटिव्ह!"

रांगेतले लोक दचकून मागे सरले. एक आजीबाई पुढे झाल्या. "असं अभद्र बोलू नये, बाळा. पॉझिटिव्ह आलाय ना? मग झालं तर!" रांगेने टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी गुपचूप दुसऱ्या गावच्या रुग्णालयात तपासणी करून घेतली. तिथल्या जुनाट लोकांनी सरळ 'निगेटिव्ह' लिहून दिलं. साहेबांनी त्या कागदाचा मुका घेतला आणि संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन मनसोक्त रडले.

हुकूम अजून लागू आहे. मागे घ्यावा, तर शिबिरवाल्यांना काय तोंड दाखवायचं? तेव्हा तिकडे कधी तपासणीला गेलात, तर मुळीच काळजी करू नका. तुमचा अहवाल चांगलाच येईल.