त्रिशलाबाईंच्या काळज्यांचा चार्ज

मेंदूला चुंबक लावून घ्यायचं असेल तर आधी आपल्या सगळ्या काळज्यांचा चार्ज घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावा लागतो, त्याशिवाय दवाखान्यात खुर्चीवर बसू देत नाहीत. नियम जुना आहे आणि त्यामागचं कारणही सरळ आहे. उपचारानं काळजी माणसातून निघाली आणि घ्यायला कुणी नसलं, तर ती तिथंच पडून राहते. एका दवाखान्यात मागे अशा सात-आठ काळज्या बाकाखाली साचल्या होत्या, आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना कुणा परक्याच्या मुलीच्या बाळंतपणाची धाकधूक लागून राहिली होती. तेव्हापासून नियम कडक केला.

सांगलीच्या त्रिशलाबाई मगदूम यांना हे डॉक्टर शिरगुप्प्यांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं. बाईंचं वय अठ्ठावन्न. गेली दोन वर्षं सकाळी जाग आली की त्या पलंगाच्या काठावर बसून राहत. हातात घडी मोडलेली साडी असे आणि पुढं काय करायचं ते सुचत नसे. छातीत मात्र बस चुकणार असल्यासारखी धडधड चाललेली असे. दोन प्रकारच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. एकीनं नुसती झोप आली, दुसरीनं तोंड कोरडं पडलं. मग डॉक्टरांनी चुंबकाचं सुचवलं.

"कपाळाच्या डाव्या बाजूला यंत्र टेकवतात, ते टकटक करतं," डॉक्टर म्हणाले. "भूल नाही, शॉक नाही. तुम्ही जाग्याच असता. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे. सगळ्यांनाच गुण येतो असं मी म्हणणार नाही, पण गोळ्यांनी भागत नाही अशा बऱ्याच जणांना येतो. डोक्यात कुठं धातूची पट्टी, क्लिप?"

"नाही."

"फिट आलेली कधी?"

"नाही."

"काळज्या किती?"

"मोजल्या नाहीत कधी."

"मोजून आणा. सोमवारी अकराला तुमची खुर्ची आहे. तोवर चार्ज झाला नाही तर खुर्ची पुढच्या पेशंटला जाते आणि तुमचा नंबर थेट दिवाळीनंतर."

दिवाळी पाच महिने लांब होती. तोवर आपला टिकाव लागेल असं त्रिशलाबाईंना वाटत नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरात काळजीचं खातं त्यांच्याकडेच होतं, आणि खात्यानं स्वतःच्याच तक्रारी सांगत बसायची पद्धत नसते.

यादी तीन फुलस्केपांवर गेली. एकूण एकशे त्रेसष्ट काळज्या भरल्या. त्यांचे यजमान भूपालराव पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. चार्ज देताना यादी लांबवावी आणि घेताना डोळ्यांत तेल घालून वाचावी, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी चष्मा चढवला, लाल पेन काढलं आणि शेरे मारायला सुरुवात केली.

"हे काय गं? 'सन्मती पुण्यात पाणी उकळून पीत असेल का.' एकतीस वर्षांचा घोडा झालाय तो."

"म्हणून काय झालं?"

"निकाली काढ की ही."

"तुम्हीच काढा. घ्या आणि काढा."

भूपालरावांनी पेन खाली ठेवलं. "मला नाही जमायचं हे. मी शांत माणूस आहे."

आणि ते खरंच होतं. भूपालरावांसारखा शांत माणूस अख्ख्या विश्रामबागेत नव्हता. पूर येवो, पाहुणे येवोत, पोराचा बारावीचा निकाल येवो, त्यांचा पेपर वाचायचा वेग बदलत नसे. त्यांच्या वाट्याची धडधड त्रिशलाबाई उरकून टाकत असल्यामुळं त्यांच्यावर तशी वेळच आली नव्हती. त्यांना मात्र तो आपला स्वभाव वाटत होता.

मुलाचा, सन्मतीचा, पुण्याहून फोन आला. "आई, मला पीडीएफ पाठव. मी ऑनलाइन चार्ज घेतो." त्रिशलाबाईंनी दवाखान्यात विचारलं. ऑनलाइन घेतलेली काळजी रेंज गेली की सुटते, असा अनुभव असल्यानं समक्षच यावं लागेल, असं उत्तर मिळालं. सन्मती रविवारी रात्रीच्या बसनं आला.

सोमवारी नऊला तिघं दवाखान्यातल्या काळजी हस्तांतरण कक्षात जाऊन बसले. तिथल्या गुळवणी मॅडमनी यादी पुढ्यात ओढली आणि शाईचा पॅड उघडला.

"सही बसून करायची," त्या म्हणाल्या. "उभ्यानं केली तर पडतात माणसं. पहिली कोण घेतंय? 'घराबाहेर पडताना गॅस बंद केला का.'"

भूपालरावांनी अंगावरची माशी हाकलावी तशी सही केली. मॅडमनी शिक्का मारला. भूपालराव क्षणभर नुसते बसले. मग उठून उभे राहिले.

"अगं, केला होता का?"

"मला माहीत नाही," त्रिशलाबाई म्हणाल्या, आणि स्वतःच चकित झाल्या. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. उजव्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. भूपालराव व्हरांड्यात जाऊन शेजारच्या आवट्यांना फोनवर सांगत होते की, खिडकीतून वास येतो का बघा, पण दिवा लावू नका.

पुढचं काम भराभर झालं. भूपालरावांची साखर, त्यांचं स्कूटरवरून भर चौकात वळणं, त्यांनी चोरून खाल्लेली भजी, हे सगळं सन्मतीच्या नावे चढलं. पोराची मान वळली आणि वडिलांवर नजर खिळली.

"अप्पा, शनिवारी जिलबी खाल्लीत?"

"एकच."

"एक कुणी खातं का? खरं सांगा."

"काय झालं या पोराला?" भूपालराव म्हणाले.

सन्मतीच्या लग्नाची काळजी आली तेव्हा तो म्हणाला, "ती माझी मी घेतो." मॅडमनी मान हलवली. "ज्याची काळजी त्यालाच देता येत नाही. तशी सोय असती तर या कक्षाची गरजच पडली नसती." मग ती भूपालरावांना घ्यावी लागली. सही झाल्याबरोबर त्यांनी मुलाच्या विरळ होत चाललेल्या केसांकडं पाहिलं आणि रुमालानं कपाळ पुसलं.

पावणेअकराला एकशे त्रेसष्ट सह्या पुऱ्या झाल्या. भूपालराव येरझाऱ्या घालत होते. सन्मती मोबाइलवर साखरेचे तक्ते वाचत होता. त्रिशलाबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. धडधड थांबली होती, पण आत जे मळभ होतं ते तसंच होतं. त्याचा चार्ज देता येत नाही, ते चुंबकानंच हललं तर हलतं. त्यासाठी खुर्ची हवी होती.

मॅडमनी यादीसोबतच्या फॉर्मचं शेवटचं पान उलटलं आणि त्या थांबल्या.

"नववा रकाना कोरा आहे. पेशंटविषयीची काळजी. निदान एक लागते. नाहीतर सहा आठवडे यांना रोज इथं आणणार कोण?"

"असेल की," सन्मती म्हणाला. "नीट बघा."

"एकशे त्रेसष्टात एकही नाही."

"माझं काय," त्रिशलाबाई म्हणाल्या. "मी बरी आहे."

"बऱ्या असता तर इथं आला नसता. यादीत नसेल तर घरच्यांनी जागेवर तयार करून द्यावी लागेल. अकराच्या आत."

बापलेक एकमेकांकडं पाहू लागले. दोघांनाही हे काम नवीन होतं.

"हिनं सकाळी चहा घेतला का," भूपालरावांनी सुरुवात केली.

"ही चौकशी झाली."

"आईला लवकर बरं वाटू दे," सन्मती म्हणाला.

"ही शुभेच्छा आहे. वाढदिवसाला चालते."

"ही आजारी पडली तर घराचं कसं व्हायचं?"

"ती घराची काळजी. क्रमांक एकोणतीसला तुमच्या नावे झालेली आहे, मगदूमसाहेब."

घड्याळात दहा त्रेपन्न झाले. दारातून पुढच्या पेशंटबाई डोकावून गेल्या. त्रिशलाबाईंनी पर्स उचलली. त्यांना फार वाईट वाटलं. खुर्ची जाण्याहूनही जास्त वाईट हे वाटलं की दोन शहाणीसुरती माणसं डोकं खाजवताहेत आणि आपल्यासाठी त्यांना एक ओळ सुचत नाही.

"चला," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर बघू."

"थांब," भूपालराव म्हणाले. ते खाली बसले. त्यांनी टेबलाकडं बघतच बोलायला सुरुवात केली.

"सकाळी ती उठते तेव्हा मी जागा असतो. डोळे मिटून पडतो. ती काठावर बसलेली असते, साडी हातात घेऊन. मला वाटतं, एखाद्या दिवशी ही बसली ती उठायचीच नाही. मग मी मनात आकडे मोजतो. परवा नऊशेपर्यंत गेलो होतो. ती स्वयंपाकघरात गेली, भांड्याचा आवाज आला, की मग मी उठल्यासारखं करतो."

मॅडमनी विचारलं, "विचारलं का नाही कधी?"

"विचारलं तर ती सांगेल म्हणून."

त्रिशलाबाई वळल्या. "जागे असायचात?"

"होय."

"आणि घोरायचात ते?"

"ते... करत होतो."

"दोन वर्षं?"

"सुरुवातीला जमत नव्हतं. नंतर जमलं."

त्रिशलाबाईंना आधी संताप आला. इतका संताप त्यांना दोन वर्षांत आला नव्हता, संतापायलाही अंगात बळ लागतं. मग त्यांना रडू आलं, आणि सन्मतीनं आपला रुमाल पुढं केला तो त्यांनी घेतला.

मॅडमनी पेनचं टोपण काढून परत लावलं. "म्हणजे दोन वर्षांपासूनची आहे."

"होय."

"मग ही नवीन धरता येणार नाही. जुनीच आहे, नोंद करायची राहून गेली." त्यांनी नवव्या रकान्यात चार ओळी लिहिल्या, मागील तारखेनं असा शेरा दिला आणि शिक्का मारला. "सही करा. आता आत चला, बाई."

आतली खुर्ची दाढीच्या दुकानातल्यासारखी मागं कलत होती. डॉक्टर शिरगुप्प्यांनी कानांत घालायला बोळे दिले, कपाळाच्या डाव्या बाजूला जागा मोजली आणि यंत्र टेकवलं. टकटक सुरू झाली. कवटीवर कुणीतरी बोटाच्या टोकानं दार वाजवावं तशी ती होती. दुखत नव्हतं. मळभ होतं तिथंच होतं. पहिल्या दिवशी काही कळायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

बोळ्यांतूनही दाराबाहेरचा आवाज मात्र ऐकू येत होता.

"दुखत तर नसेल ना तिला?" भूपालराव विचारत होते. थोड्या वेळानं, "फार वेळ नाही लागला का?" मग, "एकदा आत डोकावून बघू का? नुसतं बघतो, बोलत नाही." आणि गुळवणी मॅडम प्रत्येक वेळी 'नाही' एवढंच उत्तर त्याच आवाजात देत होत्या.

वीस मिनिटांनी टकटक थांबली. डॉक्टरांनी यंत्र बाजूला घेतलं.

"झालं. उठा सावकाश."

त्रिशलाबाई उठल्या नाहीत. "अजून थोडा वेळ बसले तर चालेल का?"

"चक्कर येतेय?"

"नाही. बाहेर ते काळजी करतायत," त्या म्हणाल्या. "करू दे जरा."

डॉक्टरांनी दार किलकिलं करून बाहेर पाहिलं आणि परत लावलं. "बसा," ते म्हणाले. "पुढच्या बाईंना यायला वेळ आहे. त्यांच्या काळज्या घ्यायला अजून कुणी मिळालेलं नाही."